गोव्यातून बर्फाच्या वाटेला: पहिल्या हिवाळी ट्रेकचं सामान कसं निवडावं, कसं घ्यावं

गोव्यात थंडी पडली हे न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली सांगते. पहाटे पारा २४ अंशांच्या खाली गेला की तेल थिजायला लागतं आणि घरातलं कोणीतरी बाटली ऊन पाण्यात उभी करून ठेवतं. पणजीत जानेवारीतलं सरासरी किमान तापमान २० अंशांच्या आसपास असतं. वाळपई, सत्तरीकडे पहाटे त्याहून थोडं खाली येतं. आपल्या अंगाला ठाऊक असलेली थंडी एवढीच. उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या वाटेवर डिसेंबरच्या अखेरीस रात्री तंबूबाहेर उणे ५ ते उणे १० अंश असतात, कधी त्याहूनही कमी. म्हणजे आपण घरच्या थंडीपासून पंचवीस-तीस अंश खाली उतरणार आहोत आणि त्याची सवय करून घ्यायला इथे जागा नाही.

त्यामुळे पहिल्यांदा जाणारा हमखास एक चूक करतो. दुकानातलं सगळ्यात जाड जॅकेट उचलतो, त्यावर निम्मे पैसे घालवतो आणि पायात जुने स्पोर्ट्स शूज, आत सुती बनियन, हातात पातळ लोकरी मोजे घालून निघतो. प्रत्यक्षात चालताना जाड जॅकेट बहुतेक वेळ सॅकमध्येच असतं. त्रास होतो तो पायांना, बोटांना आणि घामाने भिजलेल्या पाठीला. म्हणून या लेखात खरेदीचा क्रम उलटा धरला आहे: आधी पाय, मग अंगालगतचा कपडा, मग हात आणि जॅकेट शेवटी.

इथलं सगळं केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास, संदकफू अशा चार ते सहा दिवसांच्या, गाईडबरोबर केलेल्या हिवाळी ट्रेकसाठी आहे. दोर आणि बर्फकुऱ्हाड लागते अशा गिर्यारोहणाचं सामान वेगळं असतं.

आधी थंडीचा हिशेब

दर हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. केदारकंठाचा पायथा, सांकरी गाव, साधारण १,९५० मीटरवर आहे आणि माथा ३,८०० मीटरच्या आसपास. म्हणजे गावात आठ अंश असतील तेव्हा माथ्यावर उणे चार. शिखराची चढाई पहाटे अंधारात सुरू होते, तेव्हा आणखी कमी.

त्यात वारा. उणे ५ अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या कातडीला उणे १३ अंशांसारखं लागतं. आणि सगळ्यात वाईट ओल. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. अंगाला चिकटलेला ओला कपडा म्हणजे उष्णता बाहेर काढणारा पंपच. थंडी, वारा आणि ओल या तिघांसाठी तीन वेगळे कपडे लागतात. एकच जाड कपडा तिघांनाही पुरा पडत नाही.

खरेदी केव्हा सुरू करावी

डिसेंबर अखेरीचा ट्रेक असेल तर चवथ आटोपली की लगेच. बूट सगळ्यात आधी, निघायच्या किमान आठ आठवडे अगोदर, कारण ते पायाला बसवायला वेळ लागतो. कपडे दिवाळीपर्यंत घेतले तरी चालतं. गोव्यात थंडीच्या कपड्यांना गिऱ्हाईक कमी, त्यामुळे दुकानात प्रत्येक माप मिळेलच असं नाही. ऑनलाइन मागवून, न बसल्यास बदलून घेण्यासाठी हातात तीन आठवडे ठेवा.

शून्यापासून सुरुवात असेल आणि हातात वीस हजार रुपये असतील तर विभागणी साधारण अशी करावी: बूट ५,५००, पाऊस-वारा अडवणारं जॅकेट ३,५००, ऊबदार जॅकेट ३,०००, अंगालगतचे कपडे २,०००, फ्लीस (मऊ, केसाळ पॉलिएस्टरचं स्वेटरसारखं जॅकेट) १,०००, सॅक २,५००, आणि उरलेल्या अडीच हजारांत मोजे, हातमोजे, टोपी, चष्मा. पैसे कमी पडले तर ऊबदार जॅकेट भाड्याने घ्या आणि सॅक कोणाची तरी मागून न्या. बुटांच्या रकमेला मात्र हात लावू नका.

बूट

वर्षभर चपला-सँडल घालणाऱ्या पायाची बोटं मोकळी पसरलेली असतात. असा पाय अरुंद चवड्याच्या बुटात शिरला की करंगळीपाशी दाबला जातो आणि दाबलेल्या बोटात रक्त कमी पोचतं. थंडीत बोटं बधिर होण्याचं पहिलं कारण हेच. जाड मोजा नसल्यामुळे होतं त्याहून घट्ट बुटामुळे होणारं नुकसान मोठं असतं.

दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. ट्रेकला वापरणार तेच मोजे घालून माप बघा. नाडी न बांधता पाय पूर्ण पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे. मग टाच मागे ठोकून नाडी बांधा आणि जिन्यावरून उतरून पाहा. उतरताना अंगठा पुढच्या भिंतीला लागत असेल तर अर्धा नंबर मोठा घ्या. चढताना टाच आत वरखाली होत असेल तर तो बूट नंबर बदलूनही बसणार नाही, दुसरं मॉडेल बघा. ऑनलाइन घेणार असाल तर संध्याकाळी, मोजे घालून, उभं राहून दोन्ही पाय कागदावर आखा. मोठा पाय धरा आणि लांबीत १० ते १२ मिलिमीटर वाढवा.

आता बूट हातात घ्या. टाच आणि चवडा धरून वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मध्यातूनच दुमडला तर बर्फात कडेवर उभं राहता येणार नाही. कपडा पिळतात तसा पिळून पाहा. थोडा विरोध झाला पाहिजे. तळव्याच्या खाचा चार-पाच मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून दूर असाव्यात. दाटीवाटीच्या खाचांत बर्फ अडकून तळवा गुळगुळीत होतो. घोट्याच्या वर येणारा, आत पाणी अडवणारा पडदा असलेला बूट घ्या. कापसासारखं अस्तर भरलेले खास बर्फाचे बूट या उंचीवर चालण्यासाठी लागत नाहीत. त्यात पाय घामेजतो.

आणि एक तपासणी गोव्यात प्रत्येक बुटाची केलीच पाहिजे. तळव्याचा बाहेरचा काळा रबर आणि वरचा बूट यांच्यामध्ये जो फिकट, फेसासारखा थर दिसतो, तो पुष्कळ ट्रेकिंग बुटांत पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली वाफ या थरातले रासायनिक बंध हळूहळू तोडते. बूट वापरात असो वा खोक्यात, हे चालूच राहतं. आपल्या दमट हवेत अधिक वेगाने. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी बर्फात आख्खा तळवा सुटून येतो. म्हणून मोठ्या सवलतीत मिळणारा जुना माल घेताना जिभेखालच्या लेबलावर उत्पादनाची तारीख शोधा आणि तीन-चार वर्षांपूर्वीचा असेल तर सोडून द्या. घरात जुने बूट असतील तर त्या थरावर अंगठ्याचं नख जोराने दाबा. चांगला थर दबतो आणि परत फुगतो. खराब झालेला थर भुसभुशीत लागतो, नखाची खूण तशीच राहते, कधी भुकटी हाताला येते. बूट वाकवला तर केसासारख्या बारीक भेगा दिसतात. अशा बुटाला मोच्याकडे नेऊन गोंद लावण्यात अर्थ नाही, कारण गोंद धरायला थरच उरलेला नसतो.

घरी आणल्यावर पहिला आठवडा घरातच घाला, म्हणजे टोचत असेल तर न मळलेला बूट परत करता येतो. मग बाहेर. निघेपर्यंत त्यात ४० ते ५० किलोमीटर चालणं झालं पाहिजे.

टाच उचलली जाऊ नये यासाठी नाडीची एक गाठ शिकून घ्या. शेवटच्या हुकाच्या आधी नाडी एकमेकींवर न नेता, प्रत्येक टोक त्याच बाजूच्या वरच्या हुकात अडकवून लहानसा फास तयार करा. मग डावं टोक उजव्या फासातून आणि उजवं टोक डाव्या फासातून ओढून घ्या, खाली खेचा आणि गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि चवड्यावरची नाडी सैल ठेवता येते.

मोजे

चालायचे तीन जोड आणि फक्त झोपताना घालायचा एक जाड लोकरी जोड. चालायचे मोजे लोकर किंवा पॉलिएस्टर मिश्रणाचे, टाचेला-चवड्याला जाड विणीचे. दोन जोड एकावर एक चढवून बूट घट्ट होत असेल तर एक काढा. झोपायचा जोड कोरडा राहिला पाहिजे. तंबूबाहेर जाताना तो घालायचा नाही.

कपडे: थरांवर थर

अंगालगतचा थर घाम बाहेर नेण्यासाठी असतो, ऊब देण्यासाठी नव्हे. इथेच सर्वाधिक चुका होतात. बाजारात ‘थर्मल’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ जोड्या सुती किंवा सुती मिश्रणाच्या असतात. लेबल वाचा. कॉटन किंवा व्हिस्कोस लिहिलं असेल तर ती घरात बसायला चांगली, चढायला नाही. पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर हवी. मेरिनो महाग, पण दोन-तीन दिवस घातली तरी कुबट वास येत नाही. पॉलिएस्टर स्वस्त, लवकर वाळतं, वास लवकर धरतं. पहिल्या ट्रेकला पॉलिएस्टरचे दोन जोड पुरे: एक चालायला, एक झोपायला.

आणि आतलं सुती बनियन काढायचंच. चांगला थर्मल घेऊन त्याखाली सवयीने बनियन घातलं की सगळा खर्च वाया जातो, कारण घाम बनियनमध्येच अडकतो आणि थांबल्यावर पाठीला बर्फाची फडकी बांधल्यासारखं होतं. अंतर्वस्त्रंही पॉलिएस्टरची घ्या.

मधल्या थराला फ्लीस. प्रति चौरस मीटर २०० ग्रॅम वजनाचं फ्लीस बहुतेक चढाईला पुरतं. त्यातून वारा आरपार जातो, हा दोष नाही. चढताना वाफ बाहेर पडते ती त्यामुळेच. घरात जाड स्वेटर असेल आणि तो खरा लोकरीचा असेल तर फ्लीसऐवजी तोही चालेल, फक्त जड पडेल.

बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवतो. लेबलवर १०,००० मिलिमीटर असा आकडा शोधा. एवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब ते कापड गळू न देता सोसतं, असा त्याचा अर्थ. मग जॅकेट उलटं करा. आतल्या प्रत्येक शिवणीवरून पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. पट्टी नसेल तर कापड कितीही भारी असलं तरी सुईच्या भोकांतून पाणी येणार. काखेत चेन असेल तर उत्तम. चढताना ती उघडली की आत साचलेली वाफ निघून जाते. टोपीला मागे ओढून बसवायची दोरी हवी, नाहीतर मान वळवली की टोपी तशीच पुढे राहते आणि बाजूचं दिसत नाही.

स्कूटरवरचा रेनकोट प्रत्येक घरात असतो, तो न्यावा का? त्याचं कापड पाणी आत येऊ देत नाही तसा घामही बाहेर जाऊ देत नाही. अर्ध्या तासाच्या चढणीत आतून दहिवर पडल्यासारखं होतं आणि थंडीत ते गोठतं. जॅकेट म्हणून नको. त्याची पँट मात्र बर्फात बसायला, घसरत उतरायला चालते, ती घ्या आणि तेवढे पैसे वाचवा.

थांबल्यावर घालायचं ऊबदार जॅकेट शेवटी घ्या. ते दोन प्रकारचं असतं, पिसांचं आणि कृत्रिम तंतूंचं. पिसांच्या लेबलवर ६०० किंवा ६५० असा आकडा असतो: एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसं किती घनइंच जागा फुगून व्यापतात, त्याचं ते माप. पण आत पिसं एकूण किती ग्रॅम भरली आहेत हेही पाहायला हवं. ८०० आकड्याची पिसं चिमूटभर घातली तर ऊब चिमूटभरच. पिसं हलकी आणि गरम, पण भिजली की गोळे होतात आणि फुगणं थांबतं. गोव्यात पावसाळ्याचे चार महिने ती कपाटात कोरडी ठेवणं कठीण, धुतली तर वाळवणं त्याहून कठीण. गोव्यातल्या नवख्याने पहिलं जॅकेट कृत्रिम तंतूंचंच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. वजन थोडं जास्त जाईल, पण ते ओलावा सोसतं. माप मात्र आतले सगळे थर घालून बघा. घट्ट बसलं तर तंतू दबतात आणि ऊब जाते.

खाली थर्मल आणि त्यावर लवकर वाळणारी पॉलिएस्टरची ट्रेक पँट. जीन्स नको. ती जाड सुती असते; ओली झाली की थंडीत फळीसारखी कडक होते.

थर नुसते विकत घेऊन चालत नाही, वेळेवर काढावे लागतात. कॅम्पवरून निघताना थोडं कुडकुडत निघा. दहा मिनिटांत अंग तापतं. घाम फुटण्याआधी थांबून एक थर काढा. विश्रांतीला थांबलात की श्वास जागेवर येण्याआधी जॅकेट अंगावर. कॅम्पवर पोचल्यावर चहाला बसण्यापूर्वी आतला ओला थर्मल बदला.

हात, डोकं, डोळे

हातमोजे दोन थरांत घ्या: आत पातळ फ्लीस किंवा लोकरीचे, वर पाणी न शिरणारे सैल मोजे. बाहेरचा मोजा काढून नाडी बांधता यावी म्हणून आतला. सगळी बोटं एका पिशवीत घालणारे मिटन पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा गरम असतात. ज्यांची बोटं घरातही गार असतात त्यांनी तेच घ्यावेत. आतल्या पातळ मोज्यांचा एक जादा जोड ठेवा, कारण ते भिजतातच.

मोज्यांची एक परीक्षा गोव्यातही करता येते. मासळीवाल्याकडून पिशवीभर बर्फ आणा, दोन्ही मोजे चढवा आणि बर्फाचा एक खडा दहा मिनिटं मुठीत धरा. मग त्याच हातांनी जॅकेटची चेन लावा, हेडलॅम्प पेटवा, बाटलीचं झाकण फिरवा. पाणी आत आलं की मोजा खोटा, आणि चेन लागत नसेल तर चेनला बोटभर दोरी बांधून घ्या.

कान झाकणारी लोकरी टोपी आणि गळ्यात ओढता येईल असा कपड्याचा नळ, एवढं डोक्याला पुरे. चष्म्याकडे मात्र दुर्लक्ष नको. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले सुमारे ८० टक्के परत डोळ्यांवर फेकतो. यूव्ही ४०० लिहिलेला, काचेची श्रेणी ३ किंवा ४ असलेला आणि बाजूने उजेड न शिरणारा चष्मा घ्या. नुसत्या काळ्या काचांनी डोळ्याची बाहुली मोठी होते आणि अपाय वाढतो. नंबर असेल तर कानामागून जाणारा, नंबराच्या चष्म्यावर बसणारा गॉगल शोधा. बर्फात कॉन्टॅक्ट लेन्स सांभाळणं नवख्याला जड जातं. ओठांना लावायला खोबरेल नेऊ नका, तिथे ते दगड होतं; व्हॅसलीन आणि एसपीएफ असलेला लिप बाम न्या.

सॅक आणि बाकीचं

सगळं सामान स्वतः वाहणार असाल तर ५० ते ६० लिटरची, खेचरावर टाकणार असाल तर २५ ते ३० लिटरची सॅक. मान पुढे वाकवल्यावर सगळ्यात ठळक लागणारं मणक्याचं हाड आणि कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेची रेषा, यांतलं अंतर म्हणजे पाठीची लांबी. सॅक त्या मापाची घ्या, उंचीवरून नाही. कमरपट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. भार मुख्यतः तिथे, खांद्यांवर थोडाच. भरलेली सॅक स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवा. बाहेरचं कव्हर वाऱ्यात उडतं, म्हणून आत एक मोठी जाड प्लास्टिक पिशवी घाला आणि कपडे तिच्यात भरा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अशा पिशव्या सहज मिळतात.

हेडलॅम्प २०० ते ३०० ल्यूमेनचा. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते; लिथियम सेल घाला आणि रात्री लॅम्प, फोन, पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये पायांशी घेऊन झोपा.

पाण्यासाठी रुंद तोंडाच्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या. नळी लावलेली पिशवी नको, नळीतलं पाणी गोठतं. रात्री बाटली उलटी उभी करा: बर्फ वरून धरतो, त्यामुळे सकाळी तोंड मोकळं सापडतं. लहान थर्मास नेलात तर शिखराच्या दिवशी त्याची किंमत कळेल.

काठ्या दोन. उभं राहून कोपरात काटकोन होईल एवढी उंची ठेवा. उतारावर पाच-सात सेंटीमीटर वाढवा. टोकाशी रुंद चकती लावा, नाहीतर काठी बर्फात कोपरापर्यंत जाते.

स्लीपिंग बॅग आयोजक देतात. स्वतःची घेणार असाल तर लेबलवर तीन आकडे दिसतील: कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. दुकानदार शेवटचा सांगतो, कारण तो सगळ्यात थंड असतो. तो जेमतेम जीव वाचण्याचा आकडा आहे. गोव्याच्या अंगाने कम्फर्टच धरावा.

भाड्याने काय घ्यावं

बुटांखाली बांधायचे दातेरी मायक्रोस्पाइक आणि पोटरीला बांधायचे गेटर विकत घेऊ नका. वर्षातून दोन दिवस लागतात आणि आपल्या खाऱ्या हवेत दाते गंजतात. बहुतेक आयोजक ते देतात, आणि सांकरीसारख्या पायथ्याच्या गावांत भाड्याने मिळतात. घेताना रबराचा पट्टा ताणून भेगा पाहा, एकही दाता वाकलेला नको, आणि स्वतःच्या बुटावर तिथल्या तिथे चढवून दहा पावलं चाला. ऊबदार जॅकेट, काठ्याही भाड्याने चालतात. बूट आणि अंगालगतचे कपडे मात्र नाहीत.

गोव्यात काय तपासता येतं

पाऊस अडवणाऱ्या जॅकेटला गोव्याइतकी कठोर परीक्षा दुसरीकडे सापडणार नाही. सप्टेंबरात घेतलंत तर परतीच्या जोरदार सरीत अर्धा तास उभे राहा, आत फिकट रंगाचा सुती शर्ट घालून. ओल खांद्यावर दिसली तर शिवण, छातीवर मधोमध दिसली तर चेन, मानेपाशी दिसली तर टोपीची बांधणी चुकली. बिल सांभाळून ठेवा आणि परत करा.

बूट आणि सॅक सड्यावर घेऊन जा. जांभ्याचा ओबडधोबड सडा घोट्याची चांगली तपासणी करतो. रोजच्या सरावाला जिने लागतात: पणजीकरांना मळ्यातून मारुती मंदिराकडे चढणाऱ्या पायऱ्या आणि आल्तिनो, मडगावकरांना पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर, फोंड्याच्या लोकांना बोरीचा सिद्धनाथ. सॅकमध्ये आधी पाच लिटर पाण्याच्या बाटल्या, दर आठवड्याला दोन लिटर वाढवत दहापर्यंत. चढून पाणी ओतून द्या आणि मोकळ्या सॅकने उतरा, म्हणजे गुडघे वाचतील. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र भरल्या सॅकने उतरून बुटात अंगठा लागतो का ते पाहा. म्हादई किंवा मोलेच्या अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्या.

प्रवासातली भरणी

विमानाने जाणार असाल, दाबोळीहून किंवा मोपाहून, तर बूट आणि ऊबदार जॅकेट अंगावर घालूनच बसा. सामान हरवलं तर बाकी सगळं भाड्याने मिळेल, पायात बसलेला बूट मिळणार नाही. पॉवर बँक हातातल्या सामानात, काठ्या चेक-इनमध्ये. गॅसचा डबा विमानातही चालत नाही आणि रेल्वेतही. वास्कोहून निजामुद्दीनला गोवा एक्सप्रेसने जाणाऱ्यांनी थंडीचे कपडे सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावेत. दिल्लीच्या पहाटेलाच ते लागतात.

परतल्यावर: पावसाळ्यातून सामान वाचवणं

खरेदीत जेवढी काळजी घेतली तेवढीच इथे घ्यावी लागते, कारण हिमालयात चार दिवस वापरलेलं सामान गोव्यात चार महिन्यांच्या पावसात अधिक झिजतं.

बुटातला आतला तळवा काढा, नाड्या सोडा, माती ब्रशने साफ करा आणि सावलीत, वर्तमानपत्र कोंबून वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने नाही; गोंद सुटतो. पूर्ण वाळल्यावर पुन्हा खोक्यात घालू नका. उघड्या फळीवर, हवा खेळती राहील असे ठेवा आणि महिन्यातून एकदा घालून तासभर चाला. वापरातला बूट अधिक टिकतो, असा अनुभव ट्रेक करणाऱ्यांत सर्वत्र आहे, आणि निदान तळवा सुटायला लागलेला घरीच कळतो.

पाऊस अडवणारं जॅकेट घामाच्या मिठासकट कपाटात गेलं तर आतलं लेपण चिकट होतं आणि पापुद्रे सुटतात. साध्या द्रव साबणाने, फॅब्रिक कंडिशनर न घालता धुवा, दोनदा खळबळा, सावलीत वाळवा. पाणी वरून थेंब होऊन ओघळायचं थांबलं असेल तर लेबल परवानगी देत असेल तेव्हाच, सुती फडकं ठेवून मंद इस्त्री फिरवा. थेंब परत धरू लागतात.

ऊबदार जॅकेट आणि स्लीपिंग बॅग दाबून पिशवीत ठेवू नका. जुन्या सुती चादरीची सैल पिशवी शिवा, त्यात भरा आणि भिंतीपासून चार बोटं दूर, वरच्या कप्प्यात ठेवा. सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी प्रत्येक धातूच्या चेनवर मेणबत्ती घासून ठेवावी, नाहीतर खाऱ्या हवेत ती हिरवी पडून अडकते.

मे महिन्याच्या अखेरीस, पहिला पाऊस येण्याआधी, सगळं सामान एक सकाळभर बाहेर सावलीच्या वाऱ्यात पसरा. जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल त्या दिवशी कपाटाची दारं उघडी टाका आणि बुटांच्या जिभेखाली, सॅकच्या पट्ट्यांच्या आत पांढरे ठिपके आलेत का पाहा. आले असतील तर व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फडक्याने पुसा आणि पंख्याखाली ठेवा. चवथ झाली की बूट हातात घ्या आणि त्या फिकट थरावर पुन्हा एकदा नख दाबून पाहा.